बाकडं की बकेट?

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी नमुना असणारच. आठवडाभर ऐरोलीच्या एसी ऑफिसात एक्सेल शीट भरायची, आणि शनिवार उजाडला की बाबांच्या किंवा काकांच्या जुन्या पिकअपच्या बॉनेटखाली डोकं घालायचं. म्युझिक सिस्टीम झाली, अलॉय व्हील्स झाली. आता नंबर सीटचा! ‘यार, हे बाकडं काढू आणि दोन बकेट सीट टाकू. एकदम एसयूव्ही फील!’

आयडिया वाईट नाही हं. कल्याण-शीळ रोडवर किंवा घोडबंदरला तास-दीड तास क्लच दाबत बसलात की बाकड्याचा इंगा कळतो. पाठ सरळसोट, कडेला आधार नाही, माळशेजच्या वळणांवर तर शेजारचा थेट तुमच्या अंगावर. शिवाय बाकडं अख्खं सरकतं. उंच ड्रायव्हरने मागे घेतलं की बुटक्या शेजाऱ्याचे पाय हवेत! बकेट सीट म्हणजे ज्याची त्याची वेगळी, कडा उचललेली, शरीराला धरून ठेवणारी. लांबच्या ड्राइव्हला कंबर दुवा देते.

मग आधी बाकडं का होतं? पद्मिनी आठवा. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्यामुळे खाली जागा मोकळी आणि पुढे आरामात तिघं. पिकअपमध्ये दांडा जमिनीवर आला तरी बाकडं राहिलं, कारण माल उतरवायला दोन माणसं सोबत लागायची. मधल्याच्या गुडघ्यांचं काय व्हायचं ते न बोललेलंच बरं. बकेट सीटची फॅशन मात्र आपल्या भागाला नवीन नाही. १९९०च्या दशकात कल्याणजवळच्या प्रीमियरच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ बाहेर पडायची, ती पुढे दोन स्वतंत्र सीट घेऊनच!

आता मुद्द्याचं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या पार्ट्सच्या बाजारात जाण्याआधी घरून टेप घेऊन निघा. दोन्ही दारांमधली रुंदी मोजा, गिअरचा दांडा आणि हँडब्रेक कुठवर येतो ते बघा. उंची तर नक्कीच मोजा. कारची सीट तिच्या रेलसकट बसवली की दोन-तीन इंच सहज वाढतात. मग डोकं छताला, गुडघे स्टिअरिंगला! सिंगल केबिनमध्ये आणखी एक गोची असते. पाठीमागे लगेच पत्रा असल्यामुळे जाड पाठीची सीट तुम्हाला पुढे ढकलते आणि ती मागे कलायचा प्रश्नच मिटतो. सीटखाली काय आहे तेही बघून ठेवा. जुन्या विलीज घराण्यातल्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली इंधनाची टाकी असायची. टाटा एस आणि ओम्नीत तर इंजिनच सीटखाली. अशा ठिकाणी वेल्डिंगची मशीन लावणारा मेकॅनिक भेटला तर नमस्कार करून परत फिरा.

बाजारात सीट दिसायला सगळ्याच झक्कास असतात. उलटी करून बघा. रेलवर, स्प्रिंगवर गंज आहे? फोमला ओलसर वास येतोय? मग ती पुरात बुडालेल्या गाडीची असू शकते. २६ जुलै २००५ ज्यांनी डोंबिवली-कल्याणात पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आणि सीटखालून पिवळ्या कनेक्टरची वायर लोंबत असेल तर सरळ नाही म्हणा. पिवळा कनेक्टर म्हणजे सहसा एअरबॅग किंवा बेल्ट खेचणाऱ्या यंत्रणेचा. त्यात स्फोटक द्रव्य असतं, ते काही खेळणं नव्हे.

सगळ्यात महत्त्वाचा भाग मात्र कुणाला दिसतच नाही. तो म्हणजे बोल्ट! नव्या गाड्यांत सीट बेल्टचं बक्कल बऱ्याचदा सीटलाच जोडलेलं असतं. म्हणजे टक्कर झाली की तुमच्या वजनाच्या कितीतरी पट झटका सीटमधून रेलला, रेलमधून बोल्टला आणि तिथून जमिनीच्या पत्र्याला. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात तो पत्रा आधीच पापडासारखा झालेला असतो. नुसता भोक पाडून साधा बोल्ट कसला, तर तो वॉशरसकट वर निघून येईल. म्हणून गंजलेला पत्रा आधी बदला, खालून जाड लोखंडी पट्टी द्या आणि डोक्यावर ८.८ कोरलेले बोल्ट वापरा. शक्य असेल तर मूळ बाकड्याच्या भोकांवरच ब्रॅकेट बसवा आणि बक्कल गाडीच्या मूळ जागीच राहू द्या. ‘कुछ नहीं होता साब’ असं म्हणणारा मेकॅनिक टक्कर होईल तेव्हा शेजारी बसलेला नसतो!

आता आरटीओ. तुमची गाडी एमएच-०४ असो की एमएच-०५, आरसी बुकात आसनक्षमता लिहिलेली असते. तिघांचं बाकडं काढून दोन सीट टाकल्या की कागद एक सांगतो आणि गाडी दुसरंच. मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ नेमकं यावरच बोट ठेवतं. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेसला उभं राहायचंच आहे. तेव्हा आधी आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा, आणि मगच पान्हा उचला.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कागदावर नसते. बाकड्यावरचा तो मधला कोण? आईबाबा दोघंही त्याच गाडीतून गावाला जात असतील, तर तुमच्या बकेट सीटने एकाची जागा कायमची गेली. ‘मागे हौद्यात बसतील’ हे उत्तर नाही. मालाच्या हौद्यात माणूस बसवणं बेकायदा आहे आणि जिवावरचंही. अशा घरात सोपा मार्ग म्हणजे बाकडं तसंच ठेवायचं. चांगल्या सीटवाल्याकडे नेऊन आतला मेलेला फोम बदला, कंबरेला थोडा उंचवटा द्या, मांडीखाली जरा कडक भरून घ्या, वर घाम शोषणारं कापड चढवा. कंबरेची बरीचशी तक्रार तिथेच मिटते आणि आरसी बुकाला धक्काही लागत नाही.

तुम्ही दोघंच फिरणार असाल, पत्रा ठणठणीत असेल आणि आरटीओचा कागद हातात असेल तर मात्र बिनधास्त टाका बकेट सीट. फक्त खरेदीला जाताना कव्हरच्या रंगाआधी बोल्टचा नंबर विचारा. दुकानदार जरा चमकून बघेल... बघू द्या!