चॉकलेट आणि भिरंडेल

कोकोचे लोणी सुमारे ३४ अंशांना वितळते. म्हणून चॉकलेट जिभेवर विरते आणि वैशाखात खिशातही! द्रवणांक शिकविण्यास याहून सुबोध उदाहरण कोणते? परंतु आमच्या शाळांत तो पाठांतरापुरताच उरतो. भेगाळलेल्या टाचांना आपण लावतो ते भिरंडेल ४० अंशांच्या आसपास वितळते. ते मिसळल्यास चॉकलेट उष्म्यात अधिक टिकते, असे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी दाखविले आहे. युरोपीय संघाने तर २००० सालीच या मेदाला ५ टक्क्यांच्या मर्यादेत मुभा दिली. आणि आम्ही? सोले वाळवून बिया उकिरड्यावर टाकतो! शिक्षकांनी मूठभर बिया वर्गात न्याव्यात, भिरंडेल काढून दाखवावे. परसातील धन ओळखावयास न शिकविणारे शिक्षण काय कामाचे?