तीन माणसांचे कुटुंब

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यावर आला. २०१२ हे पायाभूत वर्ष मानून निघणाऱ्या मालिकेतील तो नीचांक होता. खाद्यपदार्थांचा दर तर उणे पाच टक्क्यांपर्यंत घसरला. आकडा जाहीर झाला तेव्हा सरकारी गोटात समाधान व्यक्त होणे स्वाभाविक होते. मात्र रामकृष्णपुरम, सरोजिनीनगर वा द्वारकेतील नोकरदार कुटुंबात महिन्याच्या वाणसामानाच्या यादीवर जी काट मारली जाते, ती या आकड्यामुळे थांबली नाही. याचे एक कारण साधे आहे. दर मोजला जातो तो मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करून. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या वर्षभरात ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या. त्या शिखरावरून खाली पाहिले की उतार खोल दिसणारच. खाद्यतेलाचे तर त्याहून वेगळे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलबियांच्या तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के करण्यात आले आणि मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणण्यात आले. शुल्क अर्ध्यावर आले, पण ते शून्यावर गेले नाही.

दुसरे कारण अधिक खोलवर आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या जमाखर्चात दोन प्रकारचे खर्च असतात. घरभाडे, कर्जाचा हप्ता, शाळेचे शुल्क, विम्याचा हप्ता हे ठरलेल्या तारखेला द्यावेच लागतात. त्यांच्याशी घासाघीस करता येत नाही. कात्री चालते ती उरलेल्या भागावर, म्हणजे दूध, फळे, तेल, डाळ, कामवालीचे पैसे, रिक्षा आणि गावी जाण्याचे तिकीट यांवर. त्यामुळे महागाई शुल्कात वाढली तरी काटकसर ताटात दिसते. अर्थशास्त्रज्ञ ज्याला खर्चाच्या रचनेतील बदल म्हणतात, त्याचा एक अर्थ हाही आहे.

सरकारी पाहणीत हा बदल नोंदला गेला आहे. १९९९-२००० मध्ये शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चात खाद्यपदार्थांचा वाटा ४८ टक्के होता. २०२३-२४ च्या पाहणीत तो ३९.६८ टक्के आढळला. शहरी भागातील दरडोई मासिक खर्च ६,९९६ रुपये, तर ग्रामीण भागातील ४,१२२ रुपये असा त्या पाहणीचा निष्कर्ष आहे. अन्नावरील वाटा कमी होणे हे समृद्धीचे लक्षण मानले जाते आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे. परंतु शहरांत उरलेल्या ६० टक्क्यांत भाडे, शिक्षण, औषधे आणि प्रवास यांनी किती जागा आपणहून घेतली आणि किती जागा कुटुंबाने आनंदाने दिली, हे टक्केवारी सांगत नाही. शिवाय या दोन पाहण्यांच्या दरम्यानचा एक दुवा सरकारनेच गाळला आहे. २०१७-१८ ची पाहणी पूर्ण झाली होती. तिचे निष्कर्ष वृत्तपत्रात फुटल्यानंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये माहितीच्या दर्जाचे कारण देऊन ती रद्द करण्यात आली. फुटलेल्या अहवालानुसार दरडोई खर्च प्रत्यक्षात घटला होता.

काटकसरीचा हा विषय घराच्या चार भिंतींत राहणारा वाटतो, पण दिल्लीत त्याची फाईल आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाची अधिसूचना निघाली. सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई अध्यक्ष असलेल्या या आयोगाला अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. वेतन आयोग म्हटले की चर्चा होते ती गुणांकाची: सातव्या आयोगाने २.५७ दिला, आठवा किती देणार? परंतु गुणांकाच्या मागे किमान वेतन असते आणि किमान वेतनाच्या मागे एका काल्पनिक कुटुंबाचे अंदाजपत्रक असते. सरकार स्वतःच्या कारकुनाचा घरखर्च कसा मांडते, हे पाहायचे तर तेथे जावे लागते.

या अंदाजपत्रकाचे मूळ १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत आहे. आहारतज्ज्ञ वॉलेस ऑक्रॉइड यांच्या शिफारशींवरून परिषदेने प्रौढ माणसाला दिवसाला २,७०० उष्मांक हे प्रमाण मानले आणि कामगाराच्या कुटुंबात तीन ‘उपभोग एकके’ धरली. पुरुष एक, पत्नी ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. सातव्या आयोगाने २०१५ मध्ये हीच चौकट घेऊन १८,००० रुपये हे किमान वेतन काढले. त्याच्या यादीत महिन्याला ४२.७५ किलो तांदूळ वा गहू, ७.२ किलो डाळ, ३.६ किलो तेल, १८ लिटर दूध, १०.८ किलो फळे, ९० अंडी असा बारीक हिशेब आहे. चार माणसांच्या घरात दिवसाला ६०० मिलिलिटर दूध. सकाळ-संध्याकाळचा चहा आणि दोन मुलांचे पेले यांतून विरजणाला किती उरेल, याचा हिशेब कोणत्याही गृहिणीला कागदाविना करता येईल. तरीही हे मान्य केले पाहिजे की, धान्य आणि डाळ यांबाबत ही यादी उदार आहे. आजचे शहरी कुटुंब इतके धान्य खात नाही. यादी कंजूष आहे ती इतरत्र. सणवार, करमणूक, लग्नकार्य, शिक्षण, औषधोपचार आणि वृद्धापकाळ यांसाठी २५ टक्के जादा धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सांगितले होते. मुलांच्या शिक्षणासाठी वेगळा भत्ता आहे, असे म्हणून सातव्या आयोगाने त्याचे १५ टक्के केले.

यादीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न मात्र माणसांचा आहे. या कुटुंबात आई-वडील नाहीत. १९५७ मध्ये बहुधा असे गृहीत धरले गेले असावे की, ते गावी शेतीवर असतील, भावाकडे असतील. पुढे २००७ मध्ये संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा केला आणि त्यांचा सांभाळ करणे ही मुलांची कायदेशीर जबाबदारी ठरवली. केंद्रीय आरोग्य योजनेच्या कार्डावर आश्रित आई-वडिलांचे नाव चढते, प्रवास सवलतीच्या नियमांतही आश्रित पालक आहेत. म्हणजे एकाच सरकारच्या कपाटात कुटुंबाच्या निरनिराळ्या व्याख्या आहेत. दवाखान्यात जाताना कुटुंब सहा जणांचे असू शकते, रेल्वेत बसताना सहा जणांचे असू शकते. ताटावर बसताना मात्र चौघांचे, आणि तेही मोजदादीत तिघांचे होते. कर्मचारी संघटनांनी आई-वडिलांना या हिशेबात घेण्याची मागणी लावून धरली आहे ती या विसंगतीवर बोट ठेवूनच.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी नोकरदाराला ही विसंगती अधिक जाणवते. त्याच्या एका पगारावर दोन चुली असतात. एक दिल्ली, भोपाळ वा हैदराबादेत, दुसरी सातारा, अमरावती वा रत्नागिरीकडे. गावच्या घराचे वीजबिल, वडिलांची रक्तदाबाची औषधे, पावसाळ्यापूर्वीची कौले आणि वर्षातून एकदा तरी होणारी चौघांची रेल्वेवारी हे खर्च कोणत्याही निर्देशांकात ‘दिल्ली’ या रकान्यात पडत नाहीत. काटकसर सुरू होते तेव्हा गावी जाणारे पैसे शेवटी कापले जातात, हे येथे मुद्दाम नोंदवण्यासारखे. त्याआधी दिल्लीच्या घरातली फळे जातात, मुलीचा गायनाचा वर्ग जातो, मग दिवाळीची वारी एका वर्षाआड होते.

महागाई भत्ता ही या नोकरदाराची ढाल आहे आणि ती मोलाची आहे. जुलै २०२५ पासून तो ५८ टक्के झाला. तो ठरतो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून. श्रम ब्युरोने २०१६ च्या पायावर सप्टेंबर २०२० पासून हा निर्देशांक सुरू केला. त्यात खाद्यपदार्थांचे वजन ४६.२ वरून ३९.१७ वर आले. परिणामी भाजीपाला भडकला तर भत्ता पूर्वीपेक्षा थोडा कमी हलतो. त्यातही ढाल कधी काढून घ्यायची, हे सरकारच्या हाती असते. कोरोनाकाळात जानेवारी २०२० पासून तीन हप्ते गोठवण्यात आले. जुलै २०२१ मध्ये भत्ता १७ वरून एकदम २८ टक्के झाला. मधल्या १८ महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. त्यातून ३४,४०२ कोटी रुपये वाचल्याचे सरकारने संसदेत सांगितले. तिजोरीच्या लेखी ती बचत होती. कुटुंबांच्या वहीत तिची दुसरी बाजू लिहिली गेली.

ज्यांना ही ढालच नाही, त्यांचे काय? खानापूर, आटपाडी, विटा भागातून देशभर विखुरलेले सोन्या-चांदीचे गलाई कारागीर दिल्लीच्या करोलबागेपासून दक्षिणेतील गावांपर्यंत आहेत. त्यांच्या मजुरीला निर्देशांक जोडलेला नाही. दिल्लीत एप्रिल २०२५ मध्ये अकुशल कामगाराचे किमान वेतन महिन्याला १८,४५६ रुपये ठरले. त्यालाही महागाईनुसार वाढ आहे, पण कागदावरचे वेतन हातात पडेलच असे नाही. राष्ट्रीय किमान वेतनाची पद्धत ठरवण्यासाठी नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने २०१९ मध्ये तीनऐवजी ३.६ एकके धरून दिवसाला ३७५ रुपयांची शिफारस केली. त्याच वर्षी केंद्राने राष्ट्रीय पातळीवरची मजुरी दिवसाला १७६ वरून १७८ रुपये केली. दोन रुपयांची ही वाढ कोणत्या कुटुंबाला समोर ठेवून झाली, हे स्पष्ट करण्याची गरज कोणाला वाटली नाही.

कुटुंबाचा घरखर्च राजकारणाला थेट भिडतो तो कांद्यापाशी. १९९८ मध्ये दिल्लीतील भाजप सरकार गेले त्यात कांद्याचा वाटा मोठा होता आणि तेव्हापासून प्रत्येक केंद्र सरकारने तो धडा जरुरीपेक्षा अधिक पाठ केला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये बंदी, मे २०२४ मध्ये अटींसह मोकळीक आणि एप्रिल २०२५ पासून शुल्क रद्द, असा हा प्रवास. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून १,६०० टन कांदा खास रेल्वेने दिल्लीत आणण्यात आला. राजधानीतील ग्राहकाचे महिन्याला शे-दीडशे रुपये वाचले असतील. नाशिकच्या शेतकऱ्याने त्याची किंमत २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वसूल केली. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या. दिल्लीतील मराठी कुटुंब या व्यवहारात दोन्ही बाजूंना असते. येथे कांदा स्वस्त झाल्याचा दिलासा घेणाऱ्याचा भाऊ निफाडला तोच कांदा चाळीत सडताना पाहत असतो.

इकडे सरकारला कुटुंबांनी खर्च करायला हवा आहे. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीतील १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्यावरचा कर माफ झाला. हा दिलासा खराच होता. पण नव्या करप्रणालीत भविष्यनिर्वाह निधी वा विम्याच्या गुंतवणुकीवर ती जुनी वजावट नाही. मार्च महिन्यात का होईना, सक्तीने होणारी बचत त्यामुळे ऐच्छिक झाली. २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम पाच टक्क्यांवर आली होती, ही पार्श्वभूमी लक्षात घेता खर्चाला उत्तेजन देणारे धोरण कोणाच्या जोखमीवर चालते, हा प्रश्न उरतोच.

पुन्हा आयोगाकडे. आई-वडिलांना हिशेबात घ्यायचे तर जुन्याच मापाने वडील एक आणि आई ०.८, म्हणजे तीनची ४.८ एकके होतात. किमान वेतन ६० टक्क्यांनी वाढते आणि सारी वेतनश्रेणी त्यावर उभी असल्याने वरपर्यंत सगळेच वाढते. कोणताही अर्थमंत्री हे मान्य करील असे दिसत नाही. व्यवहार्य मार्ग दुसरा आहे. शिक्षण भत्ता जसा मूल असलेल्यालाच मिळतो, तसा पालकांचा भत्ता आश्रित पालक असलेल्यालाच द्यावा. आरोग्य योजनेत आश्रितांची उत्पन्नमर्यादा आधीच ठरलेली आहे, तीच येथे लावता येईल. किमान वेतनाचा पाया न हलवता गरजूला ते पैसे पोचतील.

संघटना मात्र भत्त्यापेक्षा मूळ वेतनाचा आग्रह धरतील, कारण निवृत्तिवेतन मूळ वेतनावर ठरते. त्या आग्रहात एक अडचण दडलेली आहे. १९५७ च्या परिषदेने कमावता एकच धरला आणि स्त्रियांची कमाई हिशेबाबाहेर ठेवली. आज दिल्लीतील कित्येक सरकारी वसाहतींत पती-पत्नी दोघेही नोकरीत आहेत. कुटुंब नव्याने मोजा, असे आयोगाला सांगितले तर खाणाऱ्या तोंडांबरोबर कमावते हातही मोजले जाण्याची शक्यता आहे. २०२७ च्या मध्यापर्यंत येणाऱ्या अहवालात त्या ०.८ एककाला स्वतःचा पगार असल्याची दखल कशी घेतली जाते, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.