डाळीची महागाई आणि तुरीची मंदी

लोहारा (जि. यवतमाळ) : महागाई वाढली की सरकारचे लक्ष ग्राहकाच्या ताटाकडे जाते. ती उतरविताना शेतकऱ्याच्या खळ्यावर काय परिणाम होतो, याची चर्चा मात्र क्वचितच होते. यवतमाळ शहरालगतच्या लोहारा परिसरासह सबंध जिल्ह्यात कपाशी व सोयाबीनमध्ये तुरीचे तास टाकण्याची जुनी पद्धत आहे. मुख्य पिकाने दगा दिला तर तूर हात देईल, हा त्यामागील हिशेब. आता हा हिशेब मोझांबिक, मलावी आणि म्यानमारमधून येणाऱ्या तुरीशीही जोडला गेला आहे.

२०१५ मध्ये तूरडाळीने किलोमागे २०० रुपयांचा टप्पा गाठला. २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी आयातीचा पाच वर्षांचा करार केला. चढ्या भावाच्या आशेने शेतकऱ्यांनीही पेरा वाढविला. परिणामी २०१६-१७ मध्ये विक्रमी उत्पादन झाले, भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली घसरले आणि राज्यातील खरेदी केंद्रांवर बारदानाही पुरेना. आयातीवर मर्यादा आली ती ऑगस्ट २०१७ मध्ये. तोवर बहुतेकांचा माल विकला गेला होता.

मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली. त्याच वर्षी मलावी व म्यानमारशीही करार झाले. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ७,५५० रुपये असताना, २०२५ च्या प्रारंभी बाजारभाव त्याखाली उतरले. तरीही शुल्कमुक्त आयातीची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढविण्यात आली. आफ्रिकेची तूर साधारणतः ऑगस्टपासून येऊ लागते, आपली डिसेंबरपासून. त्यामुळे आपला माल बाजारात येण्यापूर्वीच व्यापाऱ्यांची गोदामे भरलेली असतात.

आयात सरसकट बंद करणे हा मात्र उपाय नव्हे. देशाची गरज उत्पादनाहून मोठी आहे. शिवाय २०१७ च्या मर्यादेने मोझांबिकमधील अल्पभूधारकही असाच कोलमडला होता. खरा प्रश्न धोरणाच्या वेळेचा आहे. भाव हमीभावाखाली जाताच आयात शुल्क आपोआप लागू व्हावे आणि हा नियम पेरणीपूर्वी जाहीर व्हावा. मग दोन्हीकडचे शेतकरी निदान अंदाज बांधू शकतील. अन्यथा आज पाडलेले भाव उद्या पेरा घटवतील आणि परवा तीच डाळ पुन्हा महाग होईल. त्या दिवशी किराणा दुकानात चढ्या दराने डाळ घेणाऱ्यांत तूर पिकविणारा शेतकरीही असेल.