वाशिष्ठीची हद्द दाभोळपर्यंत आहे

चिपळूण, खेड, गुहागर आणि दापोली तालुक्यांतल्या रहिवाशांनो,

२२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. तळमजले बुडाले, माणसं छपरांवर चढून बसली, महामार्गावरच्या वाशिष्ठी पुलाचा जोडरस्ता वाहून गेला. तेव्हापासून एकच भांडण चालू आहे: दोष पावसाचा, कोयनेच्या पाण्याचा की गाळाचा? तिन्ही बाजूंना आपापली कागदपत्रं आहेत. पण या भांडणात गोवळकोटच्या खालची नदी कुठेच नाही. नदी जणू चिपळूणच्या पुलाशी संपते!

त्या दिवशी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. खाडीकाठच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो बोटांवर हिशेब करून सांगेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे सकाळी पावणेदहाच्या सुमाराला दाभोळच्या तोंडाशी भरती, आणि ती खाडी चढून गोवळकोटला पोचायला आणखी अवधी. शिवाय गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस. सह्याद्रीच्या माथ्यावरून काही तासांत खाली येणारं पाणी चिपळूणच्या सपाटीला पोचतं, तेव्हा त्याला पुढे जायला उतार जवळपास उरलेलाच नसतो. समोरून भरती येत असेल तर आहे तो निचराही तुंबतो, सुकती लागेपर्यंत पाणी शहरात मुक्काम करतं. भरतीनं पूर येतो असं आम्ही म्हणत नाही. पुराचं पाणी शहरात किती तास थांबणार, हे मात्र तिच्यावरही ठरतं. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला झालेला आणि पौर्णिमेच्या उधाणाला झालेला तेवढाच पाऊस चिपळूणसाठी सारखा नसतो.

आता गाळ. पुरानंतर चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे यंत्रं नदीत उतरली. त्या लढ्याचं मोल आम्ही जाणतो. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गोडं पाणी हलकं, ते वरून वाहतं. खारं पाणी जड, ते तळाशी सरकत आत येतं. दोन्ही जिथे भेटतात तिथे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. खाडीत जुवे तयार होतात ते याच रीतीनं. भेटीची ही जागा पावसाळ्यात खाली, उन्हाळ्यात वर सरकते. पण गाळ बसायचा थांबत नाही. म्हणून एकदा उपसला आणि फोटो काढला की काम संपलं, असं नदीत होत नाही. उपसलेला गाळ काठावरच टाकला तर पहिल्याच मोठ्या पावसात तो परत पात्रात. वरच्या डोंगरांवर झाडतोड चालू राहिली तर नवा गाळ तयारच आहे.

आणि कोयना. वाशिष्ठी आता केवळ कोकणाच्या पावसावर वाहत नाही. पोफळीच्या वीजगृहांतून सुटलेलं कोयनेचं पाणी कोळकेवाडी धरणात येतं, अलोऱ्याला पुन्हा वीज देतं आणि अवजलाच्या रूपानं वाशिष्ठीत उतरतं. वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट ही कृष्णा लवादाची मर्यादा, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर पाणी. पूर्वेला जाणारं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवलं, त्याला साठ वर्षं झाली. त्यामुळेच कोकणातल्या इतर बऱ्याच नद्या कोरड्या पडतात त्या एप्रिलमध्येही वाशिष्ठी वाहते, चिपळूण पाणी पितं. हे उपकार मान्य. पण ज्या नदीत वीजनिर्मितीच्या वेळापत्रकानं पाणी चढतं-उतरतं, तिच्या काठच्या माणसाला ते वेळापत्रक कळायला नको का?

खालच्या अंगाला खेडची जगबुडी मिळते, लोट्याच्या रासायनिक वसाहतीचं सांडपाणी खाडीत येतं, आणि पाग टाकून बोय-कोळंबीवर घर चालवणाऱ्या भोई कुटुंबांनी वर्षानुवर्षं मेलेल्या मासळीच्या तक्रारी केल्या आहेत. धरण जलसंपदा विभागाचं, वीज महानिर्मितीची, सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, खाडी मेरीटाइम बोर्डाची, कांदळवन वन विभागाचं, शहराचा काठ नगरपरिषदेचा. पाणी मात्र एकच. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवऱ्याचं धरण फुटलं आणि माणसं वाहून गेली, ती याच नदीच्या माथ्यावर. खात्या-खात्यांत नदीचे असे तुकडे पाडले की जबाबदारीचेही तुकडे पडतात, आणि कुठल्याच तुकड्याला कोणी वाली राहत नाही.

आमची मागणी छोटी आहे आणि खर्चाची नाही. जून ते सप्टेंबर, रोज तीन आकडे एकाच फलकावर लावा: घाटमाथ्यावर पडलेला पाऊस, कोळकेवाडीतून सुटणारं पाणी आणि दाभोळच्या भरतीची वेळ. हा फलक चिपळूण नगरपरिषदेत, खेडमध्ये, गोवळकोटच्या धक्क्यावर आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या जेट्टीवर दिसला पाहिजे. तेच आकडे मोबाइलवर आले पाहिजेत. आणि दर पावसाळ्यानंतर तिवऱ्यापासून दाभोळच्या तोंडापर्यंत ठरलेल्या जागी पात्राची खोली मोजून ती जाहीर झाली पाहिजे, म्हणजे गाळ कुठे बसतो यावर तरी वाद उरणार नाही.

येत्या ग्रामसभेत या मागणीचा ठराव मांडा. शहरातल्यांनी तो प्रभागात मांडावा, खाडीकाठच्या गावांनी आपल्या मासेमारी संस्थेत. ठरावाची प्रत तहसीलदारांकडे द्या, पोच घ्या आणि ती जपून ठेवा. चिपळूणनं दाभोळचं आणि दाभोळनं चिपळूणचं गाऱ्हाणं आपलं मानून या वेळी एकत्र सही करावी, एवढीच हात जोडून विनंती.