तिने बाळ ‘प्रकाशाला दिले’



मागच्या पावसाळ्यात आमच्या गोंदियाच्या घरात दहा मिनिटं अशी गेली की आजही आठवलं की हात थंड पडतात. मुलगी इटलीत, दिवस भरलेले. तिच्या तिथल्या शेजारणीचा इटालियनमध्ये निरोप आला. फोनने त्याचं मराठी करून दिलं: ‘तिने मुलीला प्रकाशाला दिले.’ सासूबाई मटकन खालीच बसल्या. आपल्याकडे प्राणज्योत मालवते, ज्योत ज्योतीत मिळते. मग प्रकाशाला दिलं म्हणजे काय समजायचं? जावईबापूंचा फोन लागेना.

शेवटी मुलीचाच फोन आला. आवाज थकलेला, पण हसरा. म्हणाली, “आई, इथे बाळंत होण्याला असंच म्हणतात. दारे आल्ला लूचे. उजेडाला देणं.” नात झाली होती!

म्हणूनच आज लिहितेय. माझं स्पष्ट मत आहे की जन्ममरणाच्या गोष्टीत फोनच्या भाषांतरावर विसंबू नये. फोनने एकही शब्द चुकवला नव्हता. ‘लूचे’ म्हणजे प्रकाशच. चुकलं ते एवढंच की तो वाक्प्रचार आहे हे त्याला कळलं नाही. आपलं ‘काय उजेड पाडलास!’ कुणी शब्दाला शब्द लावून इटालियनमध्ये नेलं, तर तिथल्या बाईला ते कौतुकच वाटेल ना?

त्यानंतर मी मुलीकडून थोडं थोडं शिकायला लागले. आणि गंमत बघा, वीज गेली की इटालियन बाईही ‘लाईट गेली’ असंच म्हणते: ‘ए अन्दाता वीया ला लूचे’. विजेचं बिल म्हणजे ‘बोल्लेत्ता देल्ला लूचे’, चक्क आपलं लाईट बिल! त्यांची लूचे स्त्रीलिंगी, आपली लाईटही स्त्रीलिंगी. इंग्रजीतून गेलो असतो तर ही जवळीक दिसलीच नसती. म्हणून माझा दुसरा आग्रह: भाषांतर करायचं तर आधी आपल्या घरातल्या बोलण्यात शोधा, पुस्तकी शब्द नंतर.

उच्चाराचंही तसंच. इंग्रजी वळणाने मी आधी ‘लूस’ वाचलं, नात असती तर हसली असती. तिथे ‘च’ म्हणायचा, चेहऱ्यातला, चिमणीतला. मात्र ‘कियारो’, म्हणजे उजळ, स्वच्छ, याच्या स्पेलिंगमध्ये सीएच असूनही उच्चार ‘क’. आणि आपला चुलीतला, चाळणीतला दंत्य ‘च’ आहे ना, तोही त्यांच्याकडे आहे. आभार मानताना ‘ग्रात्सिए’ म्हणतात त्यात तोच येतो. पिझ्झ्यातही ते ‘झ’ म्हणत नाहीत, चुलीतलाच ‘च’ म्हणतात. एक मित्र ‘आमीको’, अनेक मित्र ‘आमीची’. पुढे ‘ई’ आली की आवाज बदलतो. आपणही ‘माझा’ आणि ‘माझी’ म्हणताना ‘झ’ बदलतोच, फक्त लक्षात येत नाही. मराठी जिभेला हे अवघड नाही गं, तिच्यावर विश्वास हवा.

माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाचा शब्द ‘त्रामोन्तो’, सूर्यास्त. त्याच्या पोटात ‘मोन्ते’, म्हणजे डोंगर आहे. सूर्य डोंगराआड गेला. मुलगी सूर्यास्ताआधी जेवते. उत्तर इटलीत जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, डिसेंबरात पाचच्या आधी. नियम सांभाळायचा तर शेजारणीला सांगता यायला हवं: ‘प्रीमा देल त्रामोन्तो’, सूर्यास्ताआधी. हे सांगायला ती फोन पुढे करत नाही, स्वतः बोलते. आता शेजारीणच तिला वेळेची आठवण करते.

उलट दिशेने असाच प्रवास एकाने शंभर वर्षांपूर्वी केला होता. उदिने गावचे लुइजी पिओ तेस्सितोरी इटलीतच प्राकृत शिकले, धर्मदासगणींच्या उपदेशमालेवर त्यांनी काम केलं. पण पुस्तकावर त्यांचं भागलं नाही. 1914 मध्ये ते भारतात आले, राजस्थानात राहिले, आचार्य विजयधर्मसूरींशी त्यांचा स्नेह जुळला. 1919 मध्ये बिकानेरला गेले तेव्हा वयाची बत्तीस वर्षंही झाली नव्हती. त्या काळी एवढ्या लांब यायचं ते कशासाठी? माणसांच्या तोंडची भाषा ऐकण्यासाठीच ना?

आता जरा स्वतःकडे बघते. लोगस्स मी लहानपणापासून म्हणते. त्यातल्या ‘उज्जोअगरे’चा अर्थ मुलीने एकदा विचारला होता, तेव्हा मी म्हटलं, “आधी पाठ कर, अर्थ नंतर.” तो ‘नंतर’ कधी आलाच नाही. प्रकाश करणारे, एवढंच तर सांगायचं होतं! फोनकडे शब्द होते, मर्म नव्हतं. माझ्याकडे उच्चार होता, अर्थ देण्याची सवड नव्हती. त्याला हसायचा मला काय हक्क?

काही जणी म्हणतील, श्रद्धेने म्हटलं की पुरे. श्रद्धा हवीच. पण मुलं परक्या देशात वाढणार असतील, तर नुसता पाठ केलेला आवाज त्यांच्याजवळ किती दिवस टिकेल?

नातीला मी दोन्ही देणार आहे. शब्द नीट म्हणायला शिकवीन आणि त्याच बैठकीत अर्थही सांगेन. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती माझ्याकडे टकमक बघते, मी म्हणते ‘उज्जोअ’, मुलगी मागून म्हणते ‘लूचे’, आणि सासूबाई खुर्चीतून म्हणतात, “उजेड गं बाई, उजेड!”