अर्धी विकतची, अर्धी हातची

अमेरिकेत मोटारीमागे ओढायची एक इवलीशी गाडी असते. आकार ओघळत्या अश्रूसारखा, म्हणून नाव ‘टिअरड्रॉप’. 1930 च्या दशकात ती निघाली आणि लोक मासिकांतले नकाशे पाहून घरीच बांधू लागले. साधारण 4 फूट रुंद, 8 फूट लांब, म्हणजे प्लायवूडच्या एका तक्त्याएवढी! आत दोघांचे अंथरूण, मागचे झाकण उचलले की स्वयंपाकघर. उभे राहायला जागा नाही. म्हणून तर ती हलकी नि स्वस्त.

नुसता सांगाडा घेऊन उरलेले काम स्वतः करणारेही तेथे आहेत. आमचे मत विचाराल तर पैसा चासी, आस आणि छपरावर घालावा. आतली फळी चुकली तर बदलता येते, पण छपराच्या सांध्यातून पाणी मुरले की वर पत्रा चकचकीत आणि आत प्लायवूड कुजलेले! सामान भरताना पुढे थोडा भार जास्त हवा. मागे जड झाली की ती वेगात डोलू लागते. उलाळ गाडीचे दुःख बैलगाडीवाल्याला काय सांगावे?

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडील सुतार. मी रंधा हाती घेतला की शेजारी विचारतात, “मग शिकलास कशाला?” हा प्रश्नच मला मान्य नाही. येत्या सुट्टीत मी वडिलांच्या हाताखाली सांधे बसवायला शिकणार आहे.