वाय-फाय तुमचे, जबाबदारी कोणाची?

"वकीलकाका, वाय-फायचा पासवर्ड द्या ना, फॉर्म भरायचाय." साजगावात शेजारची मुले अधूनमधून लॅपटॉप घेऊन माझ्या दारात उभी राहतात. मी त्यांना ओट्यावर बसवतो, जोडणी करून देतो. पण पासवर्ड सांगत नाही. एका मुलाच्या आईने मला तोंडावर ऐकवले, "चळवळीची भाषणं करता, आणि पोरांना इंटरनेट देताना हात आखडता?" पाण्याला नाही म्हणू नये हे महाडच्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून या माउलीला उत्तर देणे भाग आहे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. माग काढत पोलीस पोहोचले ते आपल्याच शेजारी, नवी मुंबईच्या सानपाड्यात, एका अमेरिकन नागरिकाच्या घरी. त्याचे वाय-फाय उघडे होते आणि भलत्यानेच ते वापरले होते. ऑगस्टमध्ये पुढचा ई-मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जोडणीवरून गेला, सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या जोडणीवरून. ज्यांच्या नावावर इंटरनेट, त्यांचा कटाशी काडीचा संबंध नव्हता. तरी पोलीस आधी त्यांच्याच दारात गेले.

याचे कारण साधे आहे. घरातला लॅपटॉप, मुलीचा मोबाईल, भिंतीपलीकडून चोरून जोडलेला फोन, या सगळ्यांचा बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता एकच असतो. त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. पोलीस कंपनीला विचारतात, हा पत्ता त्या वेळी कोणाकडे होता? कंपनी ग्राहकाचे नाव देते. बटण कोणी दाबले हे तिलाही ठाऊक नसते.

सानपाड्याचा तो अमेरिकन लूक-आऊट नोटीस असतानाही ऑगस्ट २००८ मध्येच मायदेशी निघून गेला. तो निर्दोष होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या जागी आपल्या वस्तीतला पोरगा उभा करून बघा. त्याला कोणता देश परत बोलावणार? खरे-खोटे ठरेपर्यंत त्याची नोकरी, परीक्षा आणि आईबापाची अब्रू यांचे काय होईल, हे खालापूरच्या कोर्टाबाहेर बाकड्यावर बसलेल्या कोणत्याही बापाला विचारा.

दुसरी बाजूही सांगतो, कारण आपली मुलेही त्यात सापडतात. परवानगीशिवाय शेजाऱ्याच्या जोडणीत शिरणे ही गंमत नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली अप्रामाणिक हेतू सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

तेव्हा घरची पेटी एकदा उघडून बघा. कंपनीचा माणूस जो 'अॅडमिन' पासवर्ड ठेवून गेला, तो बदला. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ठेवा. जुना डब्ल्यूईपी असेल तर तो कुलूप नव्हे, नुसती कडी आहे. बटण दाबून जोडणारी डब्ल्यूपीएसची सोय बंद करा. पाहुण्यांसाठी वेगळे नाव देता येते, त्याने तुमच्या लॅपटॉपमधल्या फायली आडोशाला राहतात. पण बाहेर दिसणारा पत्ता तोच राहतो, हे विसरू नका. म्हणून मी ओट्यावर एक शाळेची वही ठेवली आहे. नाव, तारीख, कधी बसला, कधी उठला. त्या माउलीला वहीही आवडली नाही.

आणि लॅपटॉप जप्त व्हायची वेळ आलीच तर घाबरून गप्प बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचे चित्रीकरण व्हायला हवे, ते मागा. पंचनाम्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे साठवलेल्या मजकुराचा बोटाचा ठसा, नोंदवायला सांगा. भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपींच्या संगणकांत बाहेरून फायली घातल्या गेल्या, असे अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ च्या अहवालात म्हटले. तो किती टिकतो ते न्यायालय ठरवील. पण ठसा वेळीच घेतलेला असला तर जप्तीनंतर काही बदलले का, हे तरी तपासता येते.

मग सार्वजनिक वाय-फाय नकोच का? उलट, ते हक्काने मागायचे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून गुगल आणि रेलटेलने स्थानकांवर मोफत वाय-फाय सुरू केले. २०२० मध्ये गुगलने अंग काढून घेण्याचे जाहीर केले, रेलटेलने काम चालू ठेवले. त्याच वाय-फायवर एर्नाकुलम स्थानकावरचा एक हमाल ओझी उचलता उचलता धडे ऐकून २०१८ मध्ये केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला. पुढच्याच वर्षी, वसतिगृहातल्या मोबाईलबंदीविरुद्ध फहीमा शिरीन ही विद्यार्थिनी न्यायालयात गेली, तेव्हा केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटचा वापर शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला.

फक्त तिथे बँकेचा व्यवहार करू नका. साजगावच्या कार्तिकी यात्रेत सुक्या बोंबलांच्या दुकानांमागे उभा राहून कोणीही आपल्या फोनला 'मोफत वाय-फाय' असे नाव देऊ शकतो. तुमचा लॅपटॉप त्या नावाला भुलतो. पैशाचे काम असेल तेव्हा स्वतःच्या मोबाईलचा डेटा वापरा.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. तिच्यात किराणा दुकानदारसुद्धा परवान्याशिवाय आपल्या दुकानातून वाय-फाय देऊ शकतो आणि वापरणाऱ्याची रीतसर नोंद होते. भारतनेटची तार तर ग्रामपंचायतींपर्यंत नेण्यासाठीच आहे. ती पंचायतीच्या कपाटाशी न थांबता समाजमंदिरातल्या अभ्यासिकेपर्यंत यावी, असा अर्ज मी येत्या ग्रामसभेत देणार आहे. सह्या गोळा करतो आहे. पहिली सही मागायला त्या माउलीकडेच गेलो होतो. तिने सही केली, आणि पासवर्ड पुन्हा विचारला.